निवटीचं उशिरा आलेलं उत्तर

नव्या पाणबुडीला जुन्या पाणबुडीचंच, निवटी हे, नाव द्यायचं हा हट्ट आबा खवणेकरांचा, आणि आबांच्या हट्टापुढे केंद्रात कुणाचं काही चालत नसे. खरं तर आबा केंद्राचे नोकर नव्हते. उभी हयात ट्रॉलरवर तांडेलकी, म्हणजे नावेची कप्तानी, केलेला आणि आता गुडघ्यांनी जमिनीवर आणून बसवलेला माणूस. पण वेंगुर्ल्याजवळच्या त्या समुद्रतळ केंद्रातून काहीही पाण्यात उतरायचं, मग ती होडी असो की यंत्र, तर आधी गाऱ्हाणं आबांनीच घालायचं असा शिरस्ता पडला होता. आबा हातात नारळ धरून देवाला एकेक गोष्ट सांगणार आणि भोवतीची माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणणार. ते "व्हय" आल्याशिवाय आबा पुढचं वाक्य तोंडातून काढत नसत. केंद्रातली शास्त्रज्ञ मंडळी सुरुवातीला गालातल्या गालात हसायची. पुढे तीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडू लागली.

"दर्यान ता नाव घेतल्यान," आबा म्हणाले. "आमी ता परत घेतलव, ह्या तेका कळाक होया."

केंद्रप्रमुख बर्वे मॅडमनी मान डोलावली. हेमांगीनं ते नाव यादीत लिहून घेतलं. जुनी निवटी खाली गेली तेव्हा तिच्यात दिगंबर होता. आबांचा मुलगा, हेमांगीचा नवरा. ती वर आली नाही. जहाजांनी शोधलं, यंत्रांनी शोधलं, मग पावसाळ्यानं समुद्र बंद केला आणि शोधही बंद झाला. आता दुसरा पावसाळा तोंडावर आला होता, आणि घरात आबा किंवा हेमांगी, दोघांपैकी कुणीही अजून "गेला" हा शब्द उच्चारला नव्हता.

खाडीच्या चिखलात फुदकणाऱ्या बोटभर मासळीला निवटी म्हणतात. केंद्राच्या छोट्या पाणबुडीला ते नाव शोभत होतं, कारण तीही चिखलावरच जगायची. समुद्राच्या तळाच्या गाळात अब्जावधी जिवाणू असतात. वरून पडलेलं सगळं मेलेलं ते खातात आणि खाताखाता विजेचे कण बाहेर टाकतात. कार्बनची एक कांडी गाळात रुतवली आणि दुसरी वरच्या पाण्यात धरली, की दोहोंमधून अगदी बारीक, पण कधीही न थांबणारा प्रवाह वाहू लागतो. ही गाळवीज हाती आली आणि समुद्रतळाच्या संशोधनाचा नूरच पालटला. बॅटरी बदलायला कुणी खाली जायची गरज उरली नाही. निवटीला सहा पाय होते, प्रत्येक पायात एक कांडी. काम झालं की ती गाळात पाय रोवून बसायची आणि हळूहळू अंगात वीज भरून घ्यायची. एकच खोट होती. जिवाणू कांडीवर बस्तान बसवायला काही आठवडे घेतात. तोवर जे काही चालवायचं ते साठवलेल्या बॅटरीवर. मात्र एकदा त्यांचा संसार बसला, की ते यंत्र मरत नाही, फक्त झोपतं.

हेमांगीचं काम किनाऱ्यावर, वातानुकूलित खोलीत. केंद्राचा फाइल सर्व्हर ती सांभाळायची. पाण्याखालच्या यंत्रांकडे स्वतःचं कपाट जवळजवळ नसतंच. ती किनाऱ्यावरच्या सर्व्हरमधल्या फाइली स्वतःच्याच असल्यासारख्या उघडतात आणि त्यांत लिहितात. पाण्यातून आवाजानं वर तरंगणाऱ्या बोयापर्यंत आणि बोयापासून रेडिओनं केंद्रापर्यंत, असा तो प्रवास. दिगंबर खाली असला की त्याची नोंदीची फाइल उघडी असायची आणि हेमांगीच्या पडद्यावर ओळी उमटत जायच्या. गाळाचा रंग, तापमान, मधूनच "तुझ्या साताऱ्याहून जास्त शांत आहे इथे." आणि वर निघताना दर वेळी एकच ओळ, "चहा ठेव." वर यायला त्याला तासभर सहज लागे, चहा ठेवायची खरं तर घाई नसायची. ती तरी लगेच उठायची. त्या दिवशी बोया बंद पडला, ओळी मध्येच थांबल्या आणि ती ओळ आली नाही. बोया दुरुस्त झाला तोवर खालून काही येईनासं झालं होतं.

दिगंबर विलक्षण कुडकुड्या. कोकणातल्या उकाड्यात माणसं बनियनवर फिरायची आणि हा सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकलं की हेमांगीच्या खुर्चीवरची शाल ओढून घ्यायचा. "एवढ्या थंडीचा माणूस समुद्राच्या तळाशी जातो कशाला?" ती विचारायची. "थंय हीटर आसा, हंय तू आसस, तू काय हीटर लावूक देणस नाय," असं त्याचं उत्तर. शाल अजून खुर्चीवरच होती.

नवी निवटी धक्क्याला लागली आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. दिगंबरनंच तयार केलेली रेश्मा तांडेल ही तरुण पायलट आत बसून सारखी सर्व्हरला जोडायचा प्रयत्न करत होती. जोडणी निम्म्यात अडकत होती. नकारही नाही, होकारही नाही.

"वयनी, मी नाव सांगतंय, तो ऐकता, आणि मग गप्प बसता," रेश्मा रेडिओवरून म्हणाली. "मागच्या जन्माचा वैर आसल्यासारखा."

"बघते मी," हेमांगी म्हणाली.

जोडणीची रीत तशी गाऱ्हाण्यासारखीच असते. यंत्र म्हणतं, मी अमुक. सर्व्हर म्हणतो, बरं, हा तुझा क्रमांक. यंत्र म्हणतं, मिळाला. प्रत्येक वाक्याला समोरून "व्हय" आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. त्यात एक खबरदारी असते. "मी निवटी" असं म्हणत कुणी आलं, आणि त्याच नावाचं एक गिऱ्हाईक आधीच फाइल उघडून बसलेलं दिसलं, तर सर्व्हर दुसऱ्याला आत घेत नाही. आधी पहिल्याला विचारतो, बाबा रे, तू आहेस का अजून? ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, तर पहिल्याच्या नावावर काट मारून जागा दुसऱ्याला देतो. जुन्या निवटीची फाइल कागदोपत्री अजून उघडीच होती. तिची जागा आजवर कुणी मागितली नव्हती, म्हणून सर्व्हरनं ती सभ्यपणे तशीच राखून ठेवली होती. आबांच्या हट्टामुळे आज पहिल्यांदाच कुणीतरी ती मागायला आलं होतं.

मग काट मारली का जात नव्हती? हेमांगीनं जोडणीचा सगळा भाग ओळीनं वाचून काढला. लिहिणाऱ्यानं दोनच शक्यता धरल्या होत्या. उत्तर येईल, किंवा येणार नाही. उत्तर येईल पण उशिरा येईल, ही तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. अशा वेळी सर्व्हर काट मारायला हात उचलायचा, तेवढ्यात काहीतरी यायचं, तो हात खाली घ्यायचा, आलेल्या उत्तराची वेळ टळली म्हणून ते टाकून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागायचा. दारात नवी निवटी ताटकळत.

दोष सापडला म्हणून तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं क्षणभरच टिकलं. काहीतरी येत होतं, म्हणजे कुणाकडून येत होतं?

प्रतिध्वनी असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. समुद्र पाठवलेलंच परत पाठवतो, त्यात नवल नाही. तिनं टाकून दिलेलं एक उत्तर उचलून उघडलं. प्रतिध्वनीत प्रश्न परत आला असता. यात प्रश्न नव्हता. यात एक क्रमांक होता. त्या दिवशी सकाळी खाली जाताना सर्व्हरनं दिगंबरच्या निवटीला दिलेला, दुसऱ्या कुणाहीजवळ नसलेला क्रमांक. आणि पुढे जोडणीच्या भाषेतला एकच शब्द, ज्याचा साधा अर्थ "आहे."

शोध चालू होता तेव्हा कांड्यांवर जिवाणू बसलेले नसणार, अंगात बोलण्याइतकी ताकद नसणार. नंतर हळूहळू वीज आली असेल. पण झोपेतलं यंत्र आपणहून बोलत नाही. हाक आली तरच कण कण वीज गोळा करून उत्तर देतं, म्हणून उशीर. आणि हाक मारणं आपण केव्हाच थांबवलं होतं. निवटी एवढे महिने तिथे होती, कान उघडा ठेवून, आणि इथून कुणी एकदाही "आहेस का?" म्हणून विचारलं नव्हतं. हेमांगीला हे सहन होईना. ती शाल तोंडाशी धरून पोटभर रडली.

माणूस नाही, हे तिला कळत होतं. आतली हवा फार दिवसांची नव्हती. ते गणित तिनं फार पूर्वी, मनाविरुद्ध, करून टाकलं होतं. तरीही त्याच्या यंत्रानं तिला ओ दिली होती.

दुरुस्ती सोपी होती. उशिरा आलेल्या उत्तरालाही दार उघडायचं, वाट पाहण्याची मर्यादा वाढवायची. तिनं ती केली, आणि जुनी निवटी रीतसर जोडली गेली. जोडल्यावर निवटीनं सांगितलं की माझ्याजवळ लिहायचं राहिलेलं बरंच आहे. असं यंत्र आपल्याजवळची नोंद तुकड्या-तुकड्यानं पाठवतं आणि सर्व्हरनं "जपून ठेवलं" असं कळवेपर्यंत स्वतःकडची प्रत टाकत नाही. कळवलं की ती पुसतं आणि पुढचा तुकडा काढतं. निवटीचे तुकडे भाकरीच्या टोपल्यासारखे वरून येत होते. सगळ्यांत ताजा आधी, सगळ्यांत जुना शेवटी. पहिल्या तुकड्यात कालचं गाळाचं तापमान होतं, मग परवाचं. एकेक तुकडा घेत हेमांगी मागे मागे जात होती, त्या दिवसाकडे.

आणि इथेच तिची पंचाईत झाली. सगळे तुकडे सर्व्हरनं जपले, की निवटी फाइल बंद करणार, निरोप घेणार आणि कान मिटणार. उघडी फाइल नसलेल्या यंत्राला जागं राहायचं कारण उरत नाही. सर्व्हर जपलेलाच तुकडा उघडून देतो, म्हणून शेवटचा तुकडा हवा असेल, तर ती हाक कायमची गमवायची. हाक हवी असेल, तर शेवटचा तुकडा तसाच तळाशी राहू द्यायचा. गाळवीज संपणारी नव्हती. हेमांगी म्हातारी होईपर्यंत रोज विचारू शकली असती, आहेस का? आणि दर वेळी, जरा उशिरानं, उत्तर आलं असतं.

तिनं दिवसाला एकच तुकडा घ्यायला सुरुवात केली, तोही चहाच्या वेळेला. आणि शेवटी तोही घेईनाशी झाली. नुसती विचारायची आणि ऐकायची. बोयाचा आवाज ती स्पीकरवर लावायची. पाणी कुजबुजायचं, आणि मग दुरून पक्ष्यासारखी एक बारीक शीळ यायची.

"काय गं, सापडला का दोष?" बर्वे मॅडमनी दारातून डोकावून विचारलं. "समुद्र बंद व्हायच्या आत एक तरी फेरी व्हायला हवी."

"नावाचा घोटाळा आहे. दोन सारखी नावं चालत नाहीत."

"मग नव्या निवटीचं नाव बदल आणि मोकळी हो. आबांना मी समजावते."

हेमांगी "हो" म्हणाली. खोटं काहीच बोलली नव्हती, फक्त खरं सांगितलं नव्हतं. नाव बदललं की रेश्मा पाण्यात उतरणार, बर्वे मॅडम खूश, आणि जुनी निवटी तिची एकटीची. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पण आबांना समजावणं म्हणजे काय, ते बर्वे मॅडमना ठाऊक नव्हतं. दुपारी काठी टेकत आबा थेट सर्व्हरच्या खोलीत आले. या खोलीत ते आजवर कधी आले नव्हते.

"नाव बदलतंस म्हणान ऐकलंय. कित्याक?"

"आबा, ते नाव रिकामं नाहीये."

"म्हंजे?"

तिनं स्पीकर चालू केला आणि सर्व्हरला विचारायला लावलं. पाण्याची कुजबुज बराच वेळ चालली. आबा काठीवर हात ठेवून उभे. मग ती शीळ आली.

"ही आपली निवटी आहे," हेमांगी म्हणाली. "जुनी."

आबा सावकाश खाली बसले. "आणि दिगू?"

"नाही आबा. नुसतं यंत्र आहे. दिगू..."

"ता कळता माका," आबा म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "काय सांगता ती?"

तिनं सगळं सांगितलं. तुकडे, जपून ठेवल्याचा निरोप, शेवटी मिटणारा कान. "शेवटचे तुकडे त्या दिवसाचे आहेत, आबा. ती कुठे बसलीय तेही त्यांत असणार. पण ते घेतले की संपलं. मग परत कधी... म्हणून मी थांबलेय. वाट बघतेय."

शीळ दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली.

"बाय, गाऱ्हान्यात नारळ कोणाच्या हातात आसता?"

"सांगणाऱ्याच्या."

"लोकांनी व्हय म्हटला नाय, तर तो तसोच उभो. पुढे बोलूक येना नाय, नारळ खाली ठेवक येना नाय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पाया पडली होती तेव्हा ठेवला होता, त्यानंतर आजच. "तुका वाटता तू वाट बघतंस. तू खुर्चीत बसलंस गो. उभो तो आसा. तेका अजून किती उभो करून ठेवतलंस?"

आपल्या ओढीत आपण त्याला अडकवून ठेवलं आहे, हे तिला आतवर लागलं. तिनं खुर्ची ओढली आणि उरलेले तुकडे मागवले.

आधी निवटीचं ठिकाण आलं. उताराच्या एका कपारीत, शोधाच्या जहाजांनी जिथे पाहिलंच नव्हतं तिथे. मग निवटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची नोंद आली. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं तळाशी भटकत होतं, त्यानं तिन्ही पंखे आवळले होते. मग दिगंबरची नोंदीची फाइल. तिनं आधी शेवटची ओळ पाहिली. "चहा ठेव" असेल, तिचं नाव असेल, काहीतरी असेल. शेवटची ओळ म्हणजे गाळाच्या रंगाची नोंद होती. त्यानंतर एक अक्षर नव्हतं.

"काय लिवल्यान?" आबांनी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. इतकं रितं तिला तो हरवला त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटचा तुकडा, त्या दिवशी सकाळीच सुरू झालेला म्हणून सगळ्यांत जुना, केबिनमधल्या बटणांचा होता. केव्हा काय चालू झालं, काय बंद झालं, एवढंच. हेमांगीनं तो केवळ रीत म्हणून वाचायला घेतला. पाय खाली. कांड्या गाळात रोवल्या. म्हणजे निवटी पडली नव्हती, त्यानं तिला नीट बसवलं होतं. मग बाहेरचे दिवे बंद. आतला दिवा बंद. उरलेली सगळी बॅटरी कानाकडे. हवा अजून बरीच शिल्लक होती तेव्हाची ती नोंद होती. आणि या सगळ्याच्या आधी, सगळ्यांत पहिलं बटण, जाळं अडकल्यावर थोड्याच वेळात बंद केलेलं.

हीटर.

कांड्यांवर जिवाणू बसेपर्यंतचे आठवडे बॅटरीवर काढावे लागणार, हे त्याला पाठ होतं. त्या आठवड्यांत आपण नसणार, हेही. तरी त्यानं हीटर बंद केला होता. कोकणच्या उन्हाळ्यात शाल पांघरणारा माणूस काळ्या पाण्यात थंडीत बसून राहिला, का, तर आपल्यामागे निवटीचा कान उघडा राहावा. कुणी हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी असावं.

"हीटर बंद केला होता त्यानं," तिनं आबांना सांगितलं. आबांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, हे मात्र लगेच कळलं. त्यांनी तोंड फिरवलं.

पडद्यावर निवटीचा निरोप आला होता. फाइल बंद करते, जाऊ का? या उत्तरापुरतं हेमांगीनं सर्व्हरला थांबवून ठेवलं होतं, तेवढं स्वतः द्यायचं म्हणून. साताऱ्याहून लग्न होऊन आल्यापासून गाऱ्हाण्यात तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. घाटावरची म्हणून लाजायची, दिगंबर चिडवायचा. आता तिनं बटणावर बोट ठेवलं.

"व्हय म्हाराजा," ती हळूच म्हणाली आणि बटण दाबलं.

स्पीकरवर पाणी कुजबुजत राहिलं. शीळ आली नाही. नाव मोकळं झालं आणि धक्क्यावरची नवी निवटी त्याच क्षणी जोडली गेली. रेडिओवर रेश्मा विचारत होती, वयनी, काय केलंस तू?

समुद्र बंद व्हायच्या आधी एक फेरी मिळाली. कामाची म्हणून नव्हे, जुन्या निवटीला आणायची म्हणून. जाळं कापायची कात्री आणि निवटीला वर उचलणारे हवेचे फुगे घेऊन रेश्मा निघाली. धक्क्यावर सगळं केंद्र गोळा झालं होतं. आबा नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडू तुझ्या पदरात उतारता, तेका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"थंय खाली आमचो झील बसलो आसा. लय दीस झाले. तेका आता घराक घेवन ये रे म्हाराजा."

कुणाला आवाज फुटेना. बर्वे मॅडम खाली बघत होत्या, रेश्मा ओठ चावत होती. आबा नारळ धरून तसेच उभे. ते पुढे बोलेनात.

"व्हय म्हाराजा," हेमांगी म्हणाली. चांगलं खणखणीत म्हणाली.

आबांनी नारळ फोडला. रेश्मा झाकण लावणार, तेवढ्यात हेमांगी पुढे झाली आणि खुर्चीवरून आणलेली शाल तिच्या हातात दिली.

"अगो वयनी, माझ्याकडे हीटर आसा," रेश्मा म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही," हेमांगी म्हणाली. "वर आणलंत की आधी ही घाल त्याच्यावर. त्याला थंडी वाजते."